सगळ्यांच्या मागे चालणारी सुकरी

दिगंबर स्मारक फंडाचा छापील अहवाल दर वर्षी चैत्रात आमच्या घरी येतो. चारच पानं असतात. पहिल्या पानावर माझ्या दिवंगत दिरांचा फोटो, मग त्या वर्षी सहलीला गेलेल्या मुलांची नावं, आणि शेवटी बारीक अक्षरात ‘वाटाड्या, एक’. हा ‘एक’ म्हणजे सुकरी. नवरात्राच्या आधी दोन दिवस ती गेली. तिची नावनिशाणी कुठल्याच कागदावर नाही, म्हणून माझ्या रोजच्या वहीतलं जे जमेल ते एकत्र करून लिहिते. वहीत मी तिथी, स्वयंपाक, देवाला काय वाहिलं, कोण येऊन गेलं एवढंच टिपते. पण सुकरी येऊन गेली की चार ओळी जास्त व्हायच्या.

दिगंबर भाऊजी मानमोडीच्या तापाच्या साथीत गेले, तेव्हा तेवीस वर्षांचे होते. डोंगराचं भारी वेड. शाळेला सुट्टी लागली की चप्पल घरात आणि भाऊजी दाभोशाच्या धबधब्यावर. सासूबाईंनी त्यांच्या नावाने देऊळ बांधलं नाही, की ब्राह्मणभोजनं घातली नाहीत. स्वतःच्या पाटल्या मोडल्या आणि फंड केला. दर वर्षी पौषात संस्थानच्या शाळेतली मुलं आणि पाड्यांवरची मुलं अशी मिळून सव्वीस पोरं तीन दिवस डोंगरात जायची. उघड्यावर झोपायचं, नदीत पोहायला शिकायचं, कडे चढायचे. अट एकच होती : शाळेची आणि पाड्याची मुलं एका रांगेत चालतील आणि एका पंगतीला बसतील. त्यावरून गावात कुजबुज झाली. सासूबाई म्हणाल्या, “माझा दिगू कुणाच्या घरी जेवला नाही ते सांगा, मग मला शिकवा.”

वाटाड्या म्हणून सुकरीलाच घ्यायचं, हेही सासूबाईंनीच ठरवलं. भाऊजी सोळा वर्षांचे असताना एकदा धुक्यात वाट चुकले होते. तेव्हा लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेल्या ह्या बाईने त्यांना घरी आणून सोडलं. आमच्या परसदारी दोघं आले ते असे, की भाऊजी पुढे आणि ती मागे. सासूबाईंना नवल वाटलं. “अगं, वाट तुला ठाऊक, मग पुढे हा कसा?”

“पुढं चालंल त्याला वाट दिसं,” सुकरी म्हणाली होती. “मानूस कसा दिसंल? तो ऱ्हाला का पडला, कोन सांगंल?”

सुकरी दाभोशाकडच्या एका पाड्यावरची. नवरा लवकर मेला, मूलबाळ नाही, जमीन तर आजापणज्यापासून नव्हती. लाकडं विकायची, लावणीला मजुरीला जायची, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. तोंड फटकळ. फंडाचं तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मोळी खाली टाकून ती पोट धरून हसली होती.

“आमच्या पोरांना डोंगर दाखवाय फंड? बाय, आमची पोरं सकाळी परसाकडं डोंगरातच बसं! त्यांना तुमचा बाजार दाखव.”

मी लाजेने पदर तोंडाला लावला. सासूबाई हसल्या.

पण काम तिने घेतलं, आणि घेतलं ते तिच्या पद्धतीने. रांगेच्या पुढे शाळेचे मास्तर, अगदी शेवटी सुकरी. मुलांना तिचे दोन नियम. पहिला, चुकलास तर चालायचं नाही, जवळचं झाड धरून बसायचं. दुसरा, रानात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. एकाच जागेवरून, एकाच आवाजात तीन हाका आल्या तरच ती माणसाची. जे माणूस नाही त्याला तीन हाका मारता येत नाहीत, असं त्यांच्याकडे मानतात. आमच्याकडे तरी काय वेगळं? तिन्हीसांजेला दारावर हाक आली की सासूबाई बोटावर तीन मोजूनच उठायच्या.

टिपणीस मास्तरांना मात्र हे आवडायचं नाही. “मी वर्गात पृथ्वी गोल शिकवतो, आणि ही डोंगरात भुतं शिकवते,” असं ते ह्यांच्यापाशी म्हणायचे. माणूस सरळ, शिस्तीचा. मुलांवर जीव होता. पण सुकरीचं आणि त्यांचं एकदाही जमलं नाही.

शके अठराशे एकोणपन्नासच्या पौषात आमचा वामन पहिल्यांदा सहलीला निघाला. दहावं वर्ष नुकतं लागलेलं. दोन मुलं गेल्यावर राहिलेला हा एकच. सासूबाईंच्या पुढे नको म्हणायची माझी छाती नव्हती, आणि भाऊजींच्या फंडाच्या सहलीला भाऊजींचाच पुतण्या जाणार नाही तर लोक काय म्हणतील, हेही होतं. पाठवला. त्या दिवशीची वही काढून बघितली. तिथे लिहिलंय : ‘द्वितीया. वामन गेला. भात उरला.’

पहिला दिवस मी मारुतीला प्रदक्षिणा घालण्यात काढला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उजवा डोळा लवत होता. जपाला बसले तर माळेचे मणी किती झाले ते कळेना, परत पहिल्यापासून. नदीत पोहायला शिकवतात म्हणजे नक्की किती पाण्यात? कड्यावर चढवतात म्हणजे दोर कुणाच्या हातात? ह्यांना विचारलं तर म्हणाले, “तू फंडाची सून आहेस. तूच असं बोलायचं?” मग मी कुणालाच काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं परत येताना शिरपामाळावर थांबायची, आणि आमच्या घरच्या बायका तिथे जाऊन त्यांना जेवू घालायच्या, असा शिरस्ता होता. भाऊजींच्या नावाने पान वाढायचं आणि मग पंगत. त्या वर्षी नेमकी आमची कमू, जी चुलीपाशी राबायची, ती तापाने पडली. सासूबाईंचे गुडघे धरलेले. सव्वीस मुलं आणि वरची माणसं, एवढ्यांचं पिठलं-भात उघड्या माळावर मी एकटीने कसं करणार? शिधा पोचवून बैलगाडीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडे परत निघाला होता. मी त्याच्याजवळ मास्तरांना चिठ्ठी दिली. स्वतःच्या हाताने लिहिली. अजून शब्द पाठ आहेत : ‘चुलीस माणूस नाही. शेवटचा मुक्काम दीड कोसावर आहे, वाट सरळ आहे. तरी सुकरीस पहाटेच पुढे पाठवून द्यावे.’

तिसऱ्या दिवशी माळावर पोचले तर धुकं असं, की गाडीचे बैल गाडीवरून दिसत नव्हते. थोड्या वेळाने खोकल्याचा आवाज आला आणि धुक्यातून सुकरी उभी राहिली.

“आले बाय. तुझी चूल कुठं हाय, ती तरी दिसू दे.”

“मुलं कशी आहेत? वामन?”

“तुझं पोर? मासा हाय. पान्यातून भायेर निघना.” मग तिने लाकडं रचायला घेतली. ओली होती, धूर झाला. फुंकता फुंकता ती दोनदा उठून वाटेकडे जाऊन आली. मी म्हटलं, “काय गं?” तर म्हणाली, “काय नाय. मागं कोन नाय ना आज.” तेवढंच. मी पिठलं हाटत होते, त्यामुळे मला त्यातलं काही लागलं नाही. आता लागतं.

सूर्य कासराभर आला असावा, पण दिसत नव्हता. मुलं एकेक करून धुक्यातून बाहेर पडायला लागली. पायांना चिखल, गालांना ओरखडे, सगळ्यांची तोंडं उजळलेली. मास्तर पुढे. “बसा रे बसा, आवाज नको!” मी पत्रावळी मांडल्या होत्या, दोन रांगा, तेरा आणि तेरा. मुलं बसली. मी भात वाढत गेले. दुसऱ्या रांगेच्या शेवटी पोचले, तर शेवटची पत्रावळ तशीच. तिच्यापुढे कुणी नव्हतं.

मी वर बघितलं. पहिली रांग. दुसरी रांग. पुन्हा पहिली.

“मास्तर, वामन?”

“आहे की. मी ओढ्यावर मोजली सगळी. सव्वीस.” असं म्हणत ते उठले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

बुध्या नावाचा पाड्यावरचा मुलगा घास हातात धरून बसला होता. तो म्हणाला, “वामन माझ्या मागं व्हता. मंग नव्हता.”

“मग बोलला का नाहीस?” मास्तर ओरडले.

“तुम्हीच बोलले, रांगंत बोलायचं नाय.”

भाताचं पातेलं मी कुठे ठेवलं ते मला आठवत नाही. ते नंतर उलटं सापडलं. सगळे धावले. मास्तर, शाळेचा शिपाई, गाडीवाला, मोठी मुलं आणि मी. आल्या वाटेने मागे जायचं एवढंच कळत होतं. शिरपामाळापासून ती वाट दरीच्या काठाकाठाने जाते. एरवी दरी दिसते म्हणून भीती वाटते. त्या दिवशी ती दिसत नव्हती. उजव्या हाताला पांढरं, डाव्या हाताला पांढरं. जमीन कुठे संपते कोण सांगणार?

“वामन!” मी धावत ओरडले. मास्तर पुढून, “वामन!” शिपाई आणखी कुठून तरी, “अरे वामन!” मुलं पसरली होती, त्यांच्या बारीक हाका सगळीकडून. उत्तर नाही. मी पुढे धावले, हाक मारली, कान दिला, परत धावले. नुसता स्वतःचा श्वास ऐकू यायचा. तोंडात देवाचं नाव होतं पण कुठल्या देवाचं ते कळत नव्हतं. मनात एकच, की ओ येत नाही म्हणजे ओ द्यायला तो नाही.

कुणी तरी माझं मनगट धरलं. सुकरी. मला कधी शिवली नव्हती ती, इतक्या वर्षांत.

“उभी ऱ्हा.”

“सोड मला!”

“उभी ऱ्हा बोलते ना! बाय, किती जनं हाक मारतां?”

“सगळे मारतायत!”

“एकेकदाच मारतां आन पळतां. एक हितून, एक तिथून. पोर मोजतंय. एक मोजली, तर दुसरी दुसऱ्याच्या तोंडची. मी काय शिकवलंय त्यांना?”

मला कळलं. तिने मास्तरांना हाक घातली आणि अशी दरडावली, की संस्थानच्या शाळेच्या मास्तरांना तसं कुणी कधी बोललं नसेल : “ओ मास्तर! तोंड मिटा! पोरांना पन गप करा, आन जिथं हाय तिथं बसवा! कोन हललं तर टंगडी मोडीन!” एक क्षण वाटलं, मास्तर काही तरी बोलतील. त्यांनी शिट्टी फुंकली आणि सगळं रान गप्प झालं.

सुकरीने मला एका खडकावर उभं केलं. “हितून हलायचं नाय. तूच मार. तुझाच आवाज. रडू नको, नायतर आवाज बदलंल. पयली.”

“वामन!”

“थांब. श्वास घे.”

“वामन!”

“थांब.”

तिसरी हाक मारायला माझं तोंड उघडेना. ही मारली आणि ओ आली नाही, तर? तोवर निदान दोनच झाल्या होत्या. सुकरीने माझ्या पाठीवर पंजा टेकवला.

“वामन!”

“ओ!”

उजव्या हाताला. खालून. इतक्या जवळून, की मी त्या बाजूला पाऊल उचललंसुद्धा. सुकरीने मला मागे ओढलं आणि त्याच दमात ओरडली, “उठू नको रे पोरा! झाड सोडू नको! आईकडं यायचं नाय, मी येते!” मग मला, “तू त्याच्याशी बोलत ऱ्हा. गप झालीस तर तो उठंल.” आणि काठीने पुढची जमीन चाचपत ती धुक्यात उतरली.

काय बोलायचं? मी म्हटलं, “वामन, तेराचा पाढा म्हण.” तो म्हणायला लागला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. आवाज कापत होता, पण म्हणत होता. खाली दगड घरंगळला. तो थांबला.

“पुढे, वामन. पुढे!”

“तेरा साती… अठ्ठ्याऐंशी.”

“चुकलं! परत म्हण!”

परत चुकला. माझ्या आयुष्यात तो चुकीचा पाढा मला जेवढा गोड लागला तेवढं दुसरं काही लागलं नाही. मग सुकरीचा आवाज आला, एकच शब्द. “धरला.”

तिने त्याला वर आणलं तेव्हासुद्धा त्याला पुढे घातलं होतं, आणि आपण त्याच्या खालच्या बाजूने. वाटेवरून लघवीला म्हणून तो दोन पावलं बाजूला झाला होता, मागे कुणी नव्हतं, रांग पुढे निघून गेली, आणि धुक्यात तो उलट्या बाजूला चालत गेला. पाय घसरल्यावर त्याला सुकरीचा नियम आठवला आणि हाताला लागलं ते झाड त्याने मिठीत धरलं. नंतर धुकं विरलं. सुकरी म्हणाली, “बघू नको.” मी बघितलं. झाडाची अर्धी मुळं हवेत होती.

वामनला पोटाशी धरलं तर तो रडला नाही. रागावल्यासारखा म्हणाला, “आई, मघाशी पण तूच होतीस? मग एकदाच का हाक मारलीस? मला वाटलं, ते तुझ्यासारखं बोलणारं दुसरंच काही आहे.”

घरी आल्यावर आठ दिवस फंडाचीच चर्चा. हे म्हणाले, बास झालं. सहल बंद करू, व्याजाची पुस्तकं घेऊ, दिगूचं नाव पुस्तकांवर राहील. फंडाच्या मंडळातले दुसरे गृहस्थ म्हणाले, दोष त्या बाईचा. असल्या खुळ्या समजुती भरवल्या नसत्या तर मुलगा पहिल्याच हाकेला बोलता. आणि रांग सोडून ती पुढे आलीच का? माझी चिठ्ठी टिपणीस मास्तरांच्या खिशात असणार. त्यांनी ती काढली नाही. एका बाईमाणसाची लाज त्यांनी राखली, आणि त्या लाजेचं ओझं सुकरीच्या डोक्यावर गेलं.

नैवेद्य दाखवताना हात थांबायचा. चवथ्या दिवशी मी गाडीवाल्याला सांगून सुकरीच्या पाड्यावर गेले. मी तिच्या दारी जाण्याची ती पहिलीच वेळ. ती अंगणात नाचणी पाखडत होती.

“तुला चिठ्ठी पाठवून मी बोलावलं होतं,” मी उभ्याउभ्याच म्हटलं. “मास्तरांनी नाही.”

“ठावं हाय.”

“मग तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तू बोलावलंस. पन मी आले ना?” सूप थांबलं नाही. “मला ‘नाय’ बोलाया येतं. त्या दिशी ते बोलता नाय आलं. गरम भाताचं नाव काढलंन मास्तरनी, आन मी निघाले.”

मग ती खाली बघून सांगायला लागली. मोठ्या दुष्काळाच्या साली पाड्यावरचे सगळे घाटाखाली गवत कापायच्या कामाला निघाले होते, रांगेने. सुकरी पंधरा-सोळा वर्षांची, तिची धाकटी बहीण नवशी पाच-सहा वर्षांची. नवशी शेवटी होती. मुक्कामाला बघतात तर नवशी नाही. मागे गेले, हाका मारल्या. “सगळ्यांनी मारल्या, बाय. भुकेलेले व्हते सगळे, पाय उचलंना. एकेक हाक मारायची आन पुढं. ती हुशार व्हती, आमचीच शिकवलेली. तिनं मोजल्या असतील. मला ते मागून समजलं, लय दिसांनी. तिथवर पाऊस पडून गेला. ती गावलीच नाय.”

“मग पोरांना अजून तेच शिकवतेस?”

तिने पहिल्यांदाच सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही तरी खुळ्यासारखं विचारलं होतं. “ती शिकवन खोटी नाय. खोटं आमचं झालं. आमी तीन नाय मारल्या.”

त्याच संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर सगळं सांगितलं. चिठ्ठीचं, चुलीचं, एकेका हाकेचं. मास्तरांनाही बोलावून घ्यायला लावलं आणि त्यांच्यादेखत सांगितलं. हे सुपारी कातरत बसले. सासूबाई आतून म्हणाल्या, “दिगू धुक्यात चुकला तेव्हा मी डोंगर बंद केला होता का?” मास्तर हळूच म्हणाले, “मला चिठ्ठी आली तरी मी नाही म्हणायला हवं होतं. शेवटचा माणूस हलवायचा नसतो.” ‘बाई’ न म्हणता ‘शेवटचा माणूस’ म्हणाले, ते मला लक्षात राहिलं. सुकरीला काढलं नाही. सहल बंद झाली नाही. पण वामनला पुन्हा पाठवायचं की नाही, हे ह्यांनी माझ्यावर टाकलं, आणि वर्षभर ते माझ्या उरावर बसून होतं.

पुढचा पौष आला. वामनने आपणहून घोंगडी काढून उन्हात घातली. मला काही विचारलं नाही, नुसता दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघायचा. मला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. निघायच्या दिवशी मी त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि त्याच्याबरोबर शाळेच्या मैदानापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा मागे वळायचं मनात आलं. दोन्ही वेळा तो चार पावलं पुढे होता.

रांग लागली. मास्तर पुढे. सुकरी शेवटी, डोक्याला फडकं बांधून, काठी टेकत. मी तिच्याजवळ गेले. मला खूप काही सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच :

“सुकरे, ह्या वर्षी चुलीला माणूस आहे हो.”

“नसला तरी मी येनार नाय, बाय,” ती म्हणाली, आणि रांग हलली तशी वामनच्या मागे चालायला लागली.